ग्राफिन इलेक्ट्रोड: सुरुवात कुठून करशील?

नांदेडात बसून मेंदूतल्या इम्प्लांटवर काम करायचं म्हणतेस, झकास! पण उंदराच्या मेंदूपर्यंत जायची घाई नको. परवानग्याबिरवानग्या नंतर बघू. आधी सलाईनमध्ये नीट चालणारा एक इलेक्ट्रोड बनव.

ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. तांब्याच्या फॉइलवर वाढवलेलं ग्राफिन विकत मिळतं, तेच घे. स्वतः वाढवायला १००० अंशांच्या आसपास भट्टी लागते, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही.

खरा घोळ ट्रान्सफरमध्ये, म्हणजे ग्राफिन तांब्यावरून सोडवून दुसऱ्या पृष्ठभागावर बसवताना होतो. पीएमएमए या पारदर्शक प्लास्टिकचा आधाराचा थर देऊन तांबं विरघळवलं की पाण्यावर जेमतेम दिसणारी पापडी उरते. तिरप्या उजेडात बघ, कड चमकते. तांबं विरघळवायला अमोनियम परसल्फेट बरं, फेरिक क्लोराइडने लोखंडाचे कण मागे राहतात. आणि धुवायला बोअरचं पाणी अजिबात नको! त्यातला क्षार फिल्मखाली अडकतो. डीआयोनाइज्ड पाणी, तेही दोन-तीनदा बदलून.

मग फक्त दोन मोजमापं:

- रामन स्पेक्ट्रम, म्हणजे फिल्मवर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख. त्यात १३५० cm⁻¹ च्या आसपासचं शिखर (डी पीक) उंच आलं, तर फिल्ममध्ये दोष आहेत.
- १ किलोहर्ट्झवरचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. सोबत इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ लिहून ठेव, नाहीतर तो आकडा कशाशीच ताडता येत नाही.

एकच थर म्हणजे इम्पिडन्स सगळ्यात कमी, हा नवख्यांचा ठरलेला गैरसमज. उलट असतं. एका थराचा खरा फायदा पारदर्शकता: तो जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषतो, म्हणून इलेक्ट्रोडखालच्या पेशी सूक्ष्मदर्शकातून बघता येतात.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या ग्राफिनसारख्याच पातळ थरांच्या पदार्थाचं पुढच्या सत्रात विचार. पहिला रामन आला की पाठव.