ग्रासकटर, चेनसॉ, जनरेटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या टू-स्ट्रोक ग्रासकटरची रेस पूर्ण सोडली तरी पातं हळूहळू फिरत राहतं. कापायचं काम मात्र व्यवस्थित होतं. तसंच वापरलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. दुरुस्त होईपर्यंत मशीन बाजूलाच ठेवा. गवत कापताना तुमचे दोन्ही हात हँडलवर असतात आणि पातं तुमच्यापासून दीड मीटर दूर असतं. धोका असतो तो थांबल्यावर. कुणाशी बोलायला वळलात, पट्टा सैल करायला वाकलात, पात्याजवळचा वेल बाजूला सारायला गेलात, की तेच हळू फिरणारं पातं पायाला लागतं.

आयडलिंगला, म्हणजे रेस सोडून इंजिन नुसतं चालू असताना, त्याच्या मिनिटाला साधारण २,८०० फेऱ्या होतात. तेवढ्या वेगात क्लचचे शू (इंजिनाचा जोर पात्याकडे देणारे ठोकळे) स्प्रिंगने आत ओढलेले राहतात. रेस दिली की ते बाहेर फेकले जाऊन ड्रमला आतून घट्ट बसतात, आणि मगच पातं फिरतं. त्यामुळे पातं थांबत नसेल तर एक तर आयडलिंग जास्त आहे, नाही तर क्लचची स्प्रिंग ताणली गेली आहे किंवा तुटली आहे.

आधी इंजिन बंद असताना रेसची केबल बघा. ट्रिगरला एखाद-दोन मिलिमीटर ढील हवी. केबल ताणलेली असेल तर रेस पूर्ण सुटतच नाही. मग एअर फिल्टर साफ करा. त्यानंतर मशीन सपाट जागी, पातं कशालाही टेकणार नाही असं ठेवून इंजिन दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या. कार्ब्युरेटरवरचा आयडलिंगचा स्क्रू (बहुतेक मशीनवर त्याच्याजवळ ‘टी’ किंवा ‘एलए’ लिहिलेलं असतं) घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा फिरवा. इंजिन चालू राहून पातं पूर्ण थांबलं, की झालं. इंजिन बंद पडायच्या बेताला आलं तरी पातं फिरतच असेल, तर क्लच उघडून स्प्रिंग बघावी लागेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. चोक ओढून थंड इंजिन चालू करताना रेस थोडी दिलेली असते, त्यामुळे त्या वेळी चांगल्या मशीनचंही पातं फिरू शकतं. म्हणून स्टार्टरची दोरी मशीन जमिनीवर दाबून धरूनच ओढावी, हातात लटकवून नव्हे.

प्रश्न : ओलं गवत गार्डमध्ये गच्च अडकतं, म्हणून गार्ड काढून टाकला आहे. डोळ्यांवर चष्मा असतो. एवढं पुरेसं नाही का?

उत्तर : नाही. गार्ड आजच परत बसवा. तो नसला की खडा, काचेचा तुकडा, तारेचा तुकडा थेट नडगीवर येतो. गार्ड असूनही खडे समोर आणि बाजूला लांब उडतात, म्हणूनच १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नसावं, आणि कुणी जवळ आलंच तर आधी इंजिन बंद करावं. साधा चष्मा कडेने उघडा असतो. कडेने बंद असलेला सुरक्षा चष्मा आणि त्यावर जाळीची ढाल, असं दोन्ही हवं. नुसत्या जाळीतून बारीक कण आत येतात.

पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावली असेल, तर तिच्या गार्डला एक छोटी सुरी असते, ती वाढलेली दोरी मापात कापते. गार्ड काढला की दोरी लांब राहते, इंजिनावर भार येतो, वेग पडतो, क्लच घसरून तापतो. आणि वेग पडला की गवत कापलं न जाता गुंडाळलं जातं. म्हणजे ज्या त्रासासाठी गार्ड काढला तोच त्रास वाढतो. दोरीऐवजी तार तर कधीच लावू नका. तिचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो.

ओलं, उंच गवत दोन थरांत कापा : आधी वरचा अर्धा भाग, मग बुंधा. रेस पूर्ण ठेवा आणि उजवीकडून डावीकडे झुला द्या, म्हणजे कापलेलं गवत डाव्या बाजूला, कापून झालेल्या पट्ट्यावर पडतं. धातूचं पातं लावलं असेल तर पात्याच्या जागी घड्याळाची आडवी तबकडी आहे आणि बाराचा आकडा तुमच्यापासून सरळ पुढे आहे असं समजा. वरून पाहता पातं घड्याळाच्या उलट फिरतं. आठ ते अकराच्या बाजूने कापा. बारा ते तीनच्या मधल्या भागात खोड किंवा दगड लागला, तर पातं अडून अख्खं मशीन झटक्याने फेकलं जातं.

इतकं करूनही गवत अडकलंच, तर इंजिन बंद करा, पातं थांबलेलं डोळ्यांनी बघा, स्पार्क प्लगची टोपी काढा, आणि मगच हातमोजे घालून गवत ओढा. स्विच बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरत असतं.

प्रश्न : पात्याचा नट कितीही जोर लावला तरी सुटत नाही.

उत्तर : बहुतेक तुम्ही तो आवळत आहात. ग्रासकटरच्या या नटाला सहसा उलटे आटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. गिअर हेडच्या (पात्यावरच्या गिअरच्या डब्याच्या) भोकात पिन घालून शाफ्ट अडवा, प्लगची टोपी काढा, आणि पाना निसटला तर हात पात्याच्या धारेवर जाणार नाही अशा बाजूने जोर लावा. नटाच्या आतलं नायलॉनचं कडं झिजून तो हाताने फिरू लागला असेल, तर नट बदला.

प्रश्न : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालावं? उरलेलं मिश्रण पुढच्या हंगामात चालतं का?

उत्तर : मशीनच्या पुस्तिकेत ५०:१ (५० भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. झाकणाने अंदाजे ओतू नका, मापाची बाटली वापरा. ऑइल कमी पडलं तर पिस्टनवर ओरखडे येतात, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

भरताना इंजिन थंड हवं. गरम सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडू शकतो. भरून झाल्यावर सांडलेलं पुसा, आणि तिथून निदान तीन मीटर लांब जाऊन मशीन चालू करा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत रेंगाळते.

प्रश्न : चेनसॉ फांदी कापताना अचानक तोंडाकडे उसळला. साखळी बोथट होती का?

उत्तर : बोथट साखळीने धोका वाढतो, पण असं उसळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागणं. त्या भागाने कापू नका, खांद्याच्या वर कापू नका, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळवून धरा. दर वेळी काम सुरू करण्याआधी चेन ब्रेक (साखळी झटकन थांबवणारा ब्रेक) लागतो का, ते तपासा.

प्रश्न : पावसात जनरेटर भिजू नये म्हणून व्हरांड्यात ठेवतो, खिडकी उघडी असते. ठीक आहे ना?

उत्तर : नाही, आणि कृपया हे आजच बदला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. उघड्या खिडकीने तो बाहेर जाण्याऐवजी आतच येतो. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. जनरेटर घरापासून निदान सहा मीटर लांब, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करून ठेवा. वर छप्पर हवं, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. डोकं जड झालं, मळमळलं, गरगरलं, तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, मदत मागवा, आणि कुणी बेशुद्ध असेल तर फोनवर धुराचा संशय आहे हे स्पष्ट सांगा.