डिस्क माझी, मग कॉपी कुणाची?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कपाटातल्या ओरिजिनल डीव्हीडी एकेक करून दगा द्यायला लागल्यात, त्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या तर गुन्हा ठरतो का? मित्राच्या काही डिस्क घरी पडून आहेत, त्याही उतरवल्या तर काय बिघडतं? आणि सगळं उतरवून झालं की मूळ डिस्क विकल्या तर? आतापर्यंतचे प्रतिसाद "घरच्यापुरतं सगळं माफ" आणि "कॉपी म्हणजे चोरी" अशा दोन टोकांना आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. (मी वकील नाही. कलमं वाचायची खोड आहे, इतकंच.)

आधी डिस्ककडे बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. सिनेमाची डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात जास्तीत जास्त एकेक जीबीच्या मोठ्या फायली. त्या नेहमीसारख्या ओढून हार्ड डिस्कवर टाकायला गेलात, तर कधी ड्राइव्ह वाचायलाच नकार देतो, कधी फायली मुकाट येतात, पण चालवल्यावर पडद्यावर रंगीत चौकोनांचा नुसता चिखल. कारण बहुतेक व्यावसायिक डिस्कवरचं चित्र सीएसएस नावाच्या पद्धतीने घुसळून ठेवलेलं असतं. ते सरळ करायच्या किल्ल्यांपैकी एक डिस्कच्या आतल्या कडेच्या पट्ट्यात असते, तिथपर्यंत साधी कॉपी पोचतच नाही. दुसरी परवानाधारक प्लेअरच्या पोटात असते. म्हणजे तुम्ही ज्याला "उतरवून घेणं" म्हणताय, त्यात दोन कामं आहेत: कुलूप काढणं आणि प्रत करणं. कायदा ही दोन कामं वेगवेगळी मोजतो. एवढं लक्षात घेतलं की अर्धे वाद मिटतात.

प्रत करण्याबद्दल कायदे तसे मवाळ आहेत. लोक नेहमी बीटामॅक्स या घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरवरून झालेल्या खटल्याचा दाखला देतात. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर, म्हणजे मालकाची परवानगी न घेता चालणारा वापर आहे. यावरून "घरी कॉपी करणं कायदेशीर" असं सांगत फिरणं म्हणजे निकाल ताणणं झालं. निकालाचा भर फुकट प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमाची वेळ पुढे ढकलण्यावर होता. कायमचा संग्रह करायला त्यातून परवाना मिळालेला नाही.

कुलपाबद्दल मात्र कायदा कडक आहे, आणि सगळ्यात कडक अमेरिकेत. १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याने कुलूप तोडणं हेच बेकायदा ठरवलं, मग आतला माल तुमचा असो वा नसो. दर तीन वर्षांनी तिथे सवलतींचा आढावा होतो. समीक्षेसाठी, शिकवण्यासाठी छोटे तुकडे काढायला सूट मिळाली आहे. पण स्वतःच्या डिस्कवरचा अख्खा सिनेमा दुसऱ्या साधनावर नेण्याची सूट मागणाऱ्यांना नकारच मिळत आला. थोडक्यात, घर तुमचं, आत राहायला हरकत नाही, फक्त दार उघडायचं नाही. हे विचित्र आहे असं मलाही वाटतं, पण आहे ते आहे.

नॉर्वेत उलट घडलं. योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव १९९९ मध्ये सीएसएसचं कुलूप काढणाऱ्या प्रोग्रॅमशी जोडलं गेलं, आणि त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये तो सुटला, अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क आपल्याला हवी तशी चालवण्याचा त्याचा हक्क न्यायालयाने मानला.

भारताचा कायदा या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि तो वाचायला मजा येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची सूट आधी साहित्य, नाटक, संगीत, कला अशांनाच होती, सिनेमाला नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून कुठल्याही कृतीला (म्हणजे पुस्तक, गाणं, सिनेमा अशा कुठल्याही रचनेला) दिली आणि वर स्पष्टीकरण जोडलं, की अशा कामासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा भंग नाही. त्याच दुरुस्तीत ६५-अ कलम आलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी तोडलं, तर ते कलम आड येत नाही. आणि गंमत बघा: अशा कामात तुम्ही दुसऱ्याला मदत केलीत, तर त्याचं नाव, पत्ता आणि बाकी तपशील लिहून ठेवायला हवेत! घरी येऊन डिस्क उतरवून देणाऱ्या कुठल्या भाच्याने अशी वही ठेवली असेल, देव जाणे.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला भारतीय कायद्यापुरतं माझं उत्तर: स्वतः घेतलेली डिस्क, स्वतःची हार्ड डिस्क, बघणारे घरचेच, तर बचाव भक्कम आहे. "रास्त" म्हणजे नेमकं किती, हे शेवटी न्यायालयाच्या हातात, त्यामुळे शंभर टक्के अभय कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

युरोपात खासगी प्रतीला अनेक देशांत मुभा आहे, बदल्यात कोऱ्या माध्यमांवर किंवा उपकरणांवर शुल्क घेऊन ते हक्कदारांना वाटलं जातं. जर्मनीत ही व्यवस्था १९६५ पासून आहे. तिथेही कुलूप तोडायची परवानगी नाही, आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगून टाकलं की बेकायदा स्रोतावरून केलेली प्रत या सवलतीत बसतच नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी प्रतीला मोकळीक दिली, आणि पुढच्या जुलैत तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्षभरसुद्धा टिकली नाही.

आता तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न. इथे मला कॅनडाचा २०१२ चा कायदा आवडतो, कारण एरवी आपण ज्याला नीतीचा प्रश्न म्हणतो तो त्याने सरळ कलमात लिहून ठेवलाय. खासगी प्रत करा, पण मूळ वस्तू कायदेशीर मिळवलेली हवी, आणि ती उसनी किंवा भाड्याने आणलेली नको. केलेली प्रत कुणाला देऊन टाकायची नाही. मूळ विकायची किंवा देऊन टाकायची असेल, तर आधी सगळ्या प्रती नष्ट करायच्या. (कुलूप तोडायला मात्र तिथेही मनाई.) मी ज्या देशात राहतो तिथे ही कलमं नसली तरी मी याच हिशेबाने वागेन. स्वतःच्या डिस्कची प्रत करून माझ्याकडे एक सिनेमा होता तो एकच राहतो. निर्मात्याला तोच सिनेमा मला नव्या रूपात पुन्हा विकायचा असेल, पण मी तो पुन्हा घेतला नाही यात त्याचं काही हिरावलं जात नाही. मित्राची डिस्क उतरवली की एकाच्या पैशात दोघांचा संग्रह होतो. उतरवून डिस्क विकली तरी तेच, फक्त दुसरा मालक अनोळखी. तेव्हा दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे.

"डिस्क आहेच माझ्याकडे, मग टोरंटवरून तोच सिनेमा घेतला तर?" हेही विचारलं जाईल म्हणून सांगतो. टोरंटमध्ये तुम्ही उतरवता उतरवता तेच तुकडे इतरांना चढवत असता. तिथे खासगी वापर संपला आणि वाटप सुरू झालं. आणि "चोवीस तासांत डिलीट केलं तर चालतं", "पैसे घेतले नाहीत म्हणजे गुन्हा नाही" या निव्वळ अफवा आहेत.

स्ट्रीमिंगचं गणित निराळं. तिथे वर्गणी भरून तुम्ही बघण्याची परवानगी घेता. ॲपमधलं डाउनलोड कुलूपबंदच असतं आणि मुदत संपली की चालत नाही. स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवणं बहुतेक ठिकाणी अटींमध्येच बसत नाही, आणि महिनाभराच्या वर्गणीत शंभर सिनेमे कायमचे साठवणं मला तरी रास्त वाटत नाही. पण 'विकत घ्या' असं बटण दाबायला लावून नुसता परवाना देणाऱ्या दुकानांबद्दल मला सहानुभूती नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल माल 'विकत' देतोय असं म्हणता येणार नाही.

राहता राहिले ते सिनेमे जे आज कुठेच मिळत नाहीत: ना डिस्क, ना स्ट्रीमिंग. मित्राच्या डिस्कमध्ये असे दोन-तीन आहेत म्हणता, खरी अडचण तीच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अभ्यासानुसार तिथले सुमारे ७० टक्के मूक कथापट पूर्ण हरवलेत, आणि कुणाकडे तरी प्रत उरली म्हणूनच कित्येक सिनेमे आज बघायला मिळतात, हे मान्य. तरी भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. तो संपेपर्यंत बाजारात न मिळणं ही काही कायदेशीर सबब नाही. पण इथे साधी वाट आहे. त्या दोन-तीन डिस्क मित्राकडून रीतसर विकत घ्या. मग त्या तुमच्या, आणि वरचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही लागू. फक्त देण्याआधी त्याने त्या स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या नाहीत ना, तेवढं विचारून घ्या.