कमी पाण्यात तगणारं पीक घडवायचंय: जैवतंत्रज्ञान की पैदासशास्त्र?

प्रश्न: मी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुष्काळात तग धरणारी पिकं तयार करण्याच्या कामात मला जायचंय. पुढे जैवतंत्रज्ञान घेऊ की वनस्पती पैदासशास्त्र? मित्र म्हणतात, दुष्काळाचा जनुक सापडला की झालं, शेतात वर्षं कशाला घालवायची? आणि एक वाण यायला दहा वर्षं लागत असतील तर त्यात करिअर कसलं, असं घरच्यांना वाटतं.

उत्तर: पैदासशास्त्र घे, म्हणजे संकर आणि निवड करून नवी वाणं घडवायचं शास्त्र. जनुकांचं तंत्र त्यातही शिकायला मिळतंच. पण पीक ओळखायची नजर शेतात उभं राहिल्याशिवाय येत नाही, आणि या कामात सगळी भिस्त त्या नजरेवर असते.

मित्रांचं गणित चुकतंय, कारण दुष्काळाचा असा एक जनुक नसतो. पाण्याच्या ताणातही दाणा देण्यामागे कितीतरी जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. शिवाय दुष्काळ तरी कुठे एकसारखा असतो? कधी पेरणीनंतर पाऊस दडी मारतो, कधी ऐन फुलोऱ्यात ओढ देतो, तर कधी दाणा भरताना जमिनीतली ओल संपते. लवकर पक्व होणारं वाण शेवटच्या ताणातून निसटतं, पण पाऊस चांगला झाला त्या वर्षी तेच मागे पडतं, कारण वाढायला दिवसच कमी मिळतात.

भाताचं उदाहरण बघ. जपानी संशोधकांनी 2013 मध्ये डीआरओ 1 या जनुकाचं काम प्रसिद्ध केलं. तो आयआर 64 या उथळ मुळांच्या वाणात आणल्यावर मुळं खोल गेली आणि ताणात उत्पादन सुधारलं. फार मोलाचं काम आहे हे. पण खोल मुळांचा उपयोग खाली ओल असेल तरच! वीतभर मातीखाली खडक असलेल्या रानात तो जनुक काय करणार? हा प्रश्न ज्याला वेळेवर सुचतो, तो खरा पैदासकार.

मक्याची गोष्ट मला त्याहून आवडते. फुलोऱ्यात पाणी तुटलं की मक्याचा तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात. तोवर पराग संपलेला असतो आणि कणीस दाण्यांविना राहतं. मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेने कोरड्या हंगामात मुद्दाम पाणी तोडून मका वाढवला आणि उत्पादनाबरोबर तुरा व केस यांतलं अंतर मोजून, ते कमी असलेली झाडं पिढ्यानपिढ्या निवडली. त्यातून ताणातलं उत्पादन वाढलं. रोज सकाळी ओळीतून फिरून तारखा टिपणाऱ्या माणसांचं हे यश आहे.

आता वर्षांचं. घरच्यांची शंका खोटी नाही. पाणी जपून वापरणारा गहू कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, ओळखता येतो, हे ऑस्ट्रेलियात 1984 मध्ये मांडलं गेलं. त्यावर आधारलेलं ‘ड्रायस्डेल’ वाण 2002 मध्ये आलं. आज नियंत्रित प्रकाशात वर्षाला अनेक पिढ्या घेता येतात, जनुकीय खुणांवरून रोपं लवकर निवडता येतात. तरी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत घ्यायच्या चाचण्या काही टळत नाहीत. पण पैदासकार एकाच वाणाची वाट बघत बसत नाही. दर वर्षी नवे संकर होतात, जुन्या संकरांच्या पिढ्या पुढे सरकतात, काही निवडलेल्या ओळी (वाण होण्याच्या वाटेवरची झाडं) अंतिम चाचणीत असतात. आणि पगार वाण आल्यावर सुरू होत नाही, हे घरी स्पष्ट सांग. विद्यापीठं, संशोधन संस्था, बियाणे कंपन्या इथे चाचण्यांचं नियोजन, बीजोत्पादन, ड्रोनच्या छायाचित्रांचं विश्लेषण, जनुकीय माहितीचं काम अशी पदं असतात. स्वतंत्र पैदासकार व्हायचं असेल तर मात्र पीएचडी धरूनच चाल.

एका विषयाकडे कुणी लक्ष देत नाही, तो म्हणजे संख्याशास्त्र. दोन वाणांतला फरक वाणाचा की जमिनीच्या चढउताराचा, हे त्याशिवाय कळत नाही. प्रयोगाची आखणी नीट शीक, आर ही संगणकीय भाषा आत्तापासून हाताळ.

अर्ज करण्याआधी एक पूर्ण हंगाम तुझ्या महाविद्यालयातल्या पैदास प्रक्षेत्रावर मदतीला जा. पुंकेसर काढून संकर करताना पाठ भरून येते, उन्हात नोंदी घ्याव्या लागतात, आणि निवडीत बहुतेक झाडं बादच होतात. इतकं करूनही दुसऱ्या दिवशी त्या ओळींकडे जावंसं वाटलं, तर तिथल्याच प्राध्यापकांना पदव्युत्तरच्या विषयाबद्दल विचार.