कांपालच्या दगडांवर शेपटी हलवणारा कोण?

प्रश्न: ताई, मी रोज सकाळी साडेसहाला कांपालला मांडवीच्या काठाने वॉक घेते. डिसेंबरपासून खालच्या दगडांवर एक तपकिरी, पांढऱ्या पोटाचा छोटा पक्षी दिसतो, एकटाच, आणि सारखं मागचं अंग वरखाली करत असतो. मिस्टर म्हणतात धोबी. पण कधी दिसतो, कधी चार-चार दिवस नाहीच. हा कोण? आणि पक्षी बघायला मोठा कॅमेरा लागतो का?
– एक वाचक, पणजी

उत्तर: मिस्टरांचं थोडक्यात हुकलं. धोबी लांब शेपटी हलवतो, तुमचा हा कमरेपासून मागचा सगळाच झुलतो, म्हणजे तुतवार, पुस्तकात तुतारी पण छापतात. (माझाही पहिल्या वर्षी धोबीच झाला होता.) खूण सांगते, छातीची तपकिरी आणि पंख यांच्या मधून पोटाचा पांढरा रंग खांद्यापर्यंत वर चढलेला असतो, ब्लाउजच्या बगलेत पांढरा तुकडा जोडल्यासारखा. आणि उडाला की पाण्याला अगदी लागून, ताठ पंख थरथरवत, टी-टी-टी करत जातो. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला घरटी करतो, इथे फक्त थंडी काढायला.

आता गायब का होतो, तर तुम्ही घड्याळ बघता आणि तो भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी) बघतो. भरतीला दगड बुडतात, चिखल झाकला जातो, मग किडे-बिडे शोधणार कुठे? ही वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे आज साडेसहाला चिखल उघडा असला तर आठवड्याने त्याच वेळेला तिथे पाणीच पाणी. काठावर गरी टाकून बसलेल्या कुणालाही विचारा, सुकती कधी ते तोंडपाठ असतं त्यांना.

कॅमेरा नको हो, आधी दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० वाली मोठं दाखवते पण हात हलला की पक्षी पण हलतो.

मग एखाद्या रविवारी सुकती बघून रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जा. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी, पण पांढऱ्या कॉलरचा निळा खंड्या बघायचा तर तिथेच, आणि थंडीत काळ्या टोपीवाला पण येतो. बदकं हवी असतील तर करमळीचं तळं, स्टेशनला लागूनच आहे, तिथे तलवार बदक, थापट्या वगैरे. तळ्याला भरती-बिरती नाही, तिकडे खुशाल साडेसहाला जा, फक्त सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर सगळीच बदकं काळी दिसतात.