वांगासाठी ग्लुटाथायोनच्या गोळ्या घेऊ का, आणि किती दिवसांत फरक पडतो?

मी घेतल्यात या गोळ्या, पूर्ण तीन महिने, म्हणून लिहिते. डॉक्टर वगैरे नाहीये मी. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आले ते नंतर गेलेच नाहीत, आणि ओठावरचा तर लांबून मिशीच वाटायचा. कुठल्याही लग्नात गेलं की एक तरी काकू हमखास विचारणार, अगं चेहऱ्याला काय झालं तुझ्या?

माझी गोळी ५०० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, संत्र्याच्या चवीची, सोबत व्हिटॅमिन सी. सकाळी ग्लासात टाकली की फसफसायची, सासूबाई आठवडाभर समजत होत्या मला पित्त झालंय. पहिला महिना ढिम्म काही नाही. दुसरा संपत आला तसा गालावरचा डाग जरा फिका दिसायला लागला (दर रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एकाच जागी उभं राहून फोटो काढायचे मी, तुम्हीही काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही) आणि मी इतकी खूश की बहिणीलाही घ्यायला लावल्या.

मग एप्रिलमध्ये कुरडया घातल्या. दोन दिवस गच्चीवर, सनस्क्रीन घामाने केव्हाच वाहून गेलं, परत कोण लावतंय, गोळी मात्र एकही दिवस चुकवली नाही, आणि पंधरा दिवसांत डाग होता तस्सा परत! तेव्हा कुठे ट्यूब पेटली की गोळी सुरू केली त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांनी सनस्क्रीन आणि स्कार्फही सुरू करायला लावला होता, आणि श्रेय मी सगळं त्या महागड्या गोळीला देऊन बसले होते.

कसंय, ग्लुटाथायोन आपलं शरीर स्वतःच बनवतं. तीन अमिनो ॲसिडची छोटी साखळी असते ती, तोंडाने घेतली की बरीचशी पचनातच तुटते, त्यामुळे कातडीपर्यंत पोचतं किती हाच वाद आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम ग्लुटाथायोन मंद करतं, हे खरंय. थायलंडमध्ये ६० मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला होता, रोज ५०० मिलिग्रॅम, चार आठवडे, पण ठळक फरक मोजलेल्या सहापैकी दोनच जागी आला, आणि ती मुलं धडधाकट होती, वांगवाली नव्हती. आपला प्रश्न वेगळा आहे ना.

आणि पार्लरमध्ये कोणी याचं इंजेक्शन घ्या म्हणालं तर सरळ उठून या. फिलिपाइन्समध्ये त्याचं केवढं वेड, तिथल्या एफडीएने २०११ मध्येच किडनी, थायरॉइड आणि अंगावर येणाऱ्या गंभीर रिॲक्शनबद्दल बजावलं होतं.

आता मी काय करते, तर टिंट असलेलं, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, वांग नुसत्या यूव्हीने नाही तर साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. बाहेर असले तर दर दोन तासांनी परत. रात्री डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, तेही त्यांनी सांगितलेत तेवढेच आठवडे. मेडिकलवाल्याला विचारून गोरं करायची ट्यूब आणू नका हो, बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असतं, माझ्या जावेची कातडी पातळ होऊन गाल लालेलाल झाले होते.

पोटातून घ्यायचंच असेल तर वांगासाठी ट्रानेक्सामिक ॲसिडचा (रक्तस्राव थांबवायला देतात ते औषध) पुरावा ग्लुटाथायोनपेक्षा कितीतरी बरा आहे, पण त्याने रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, त्यामुळे स्वतःच्या मनाने अजिबात नाही. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का ते लिहिलं नाहीये प्रश्नात. घेत असाल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, वांग त्यानेही येतं, आणि त्या चालू असताना ट्रानेक्सामिक देत नाहीत.