'रुस्तहोल्लारी'त गंज नाही

प्रश्न असा आहे: फिनलंडच्या इतिहासात भेटणारा 'रुस्तहोल्लारी' नावाचा जमीनदार म्हणजे नेमका कोण, आणि त्यातल्या 'रुस्त'चं इंग्रजी 'रस्ट'शी, म्हणजे गंजाशी काही नातं आहे का?

नाही. गंजाला स्वीडिशमध्ये 'रोस्त' म्हणतात, त्याचं कूळ वेगळं. स्वीडिशचं नाव मुद्दाम घेतलं, कारण हा शब्द फिनिशने तिथूनच उचललाय. मूळ रूप 'रुस्तहोल्लारे'. 'रुस्ता' म्हणजे सज्ज करणं, लढाईचं सामान पुरवणं. जर्मनमध्ये चिलखताला 'र्‍युस्टुंग' म्हणतात ते याच घरातलं. 'होल्ला' म्हणजे धरणं, राखणं, इंग्रजी 'होल्ड'चं भावंड. शेवटी कर्त्याचा '-आरे', त्याचा फिनिश तोंडी '-आरी' होतो. 'दोमारे'चा 'तुओमारी' (न्यायाधीश) झाला तो याच चालीने.

आता सज्ज करायचं कोणाला? १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. अकराव्या कार्ल राजाने १६८०च्या दशकापासून सैन्याची नवी व्यवस्था लावली. तिच्यात घोडदळाचा भार मोठ्या शेतवाड्यांवर टाकला. वाडीने एक स्वार उभा करायचा. घोडा, खोगीर, हत्यार, कपडे सगळं तिच्या माथी. बदल्यात शेतसाऱ्यात सूट. ही वाडी ज्याच्याकडे तो रुस्तहोल्लारी. स्वतः लढायला जायची त्याच्यावर सक्ती नव्हती, माणूस दिला की भागायचं. अशा वाडीला फिनिशमध्ये अस्सल देशी नावही आहे, 'रात्सुतिला': 'रात्सु' म्हणजे स्वारीचा घोडा, 'तिला' म्हणजे शेतवाडी.

मराठीत प्रतिशब्द सुचवायचा तर मी 'सरंजामदार' म्हणेन, आणि तो केवळ अर्थाने जवळ म्हणून नव्हे. आपला 'सरंजाम' फारसीतून आला. 'सामानसरंजाम' म्हणतो त्यात साहित्य हा अर्थ आहे, आणि फौज बाळगण्यासाठी लावून दिलेल्या मुलखालाही सरंजामच म्हणत. '-दार' म्हणजे धरणारा. 'सामान' आणि 'धरणारा' यांची जोड: दोन्ही शब्दांची घडण तीच, एकमेकांशी संबंध नसताना.

फक्त भाषांतर करताना माप सांभाळा. आपल्या बड्या सरंजामदाराकडे गावंच्या गावं, कधी परगणे असत आणि त्याने शेकडो घोडी ठेवायची. फिनलंडचा हा गडी बहुधा खाऊनपिऊन सुखी शेतकरी, एखाद्या स्वाराचा खर्च उचलणारा. कादंबरीत त्याला सरसकट सरंजामदार केलंत तर वाचक वाडा आणि हत्ती शोधत बसेल. तिथे 'स्वार पोसणारा वतनदार शेतकरी' असं एकदा फोडून सांगावं आणि पुढे रुस्तहोल्लारीच ठेवावं.