जहाज कधी येणार?

तुम्ही विचारलंय: 'शहराला विटलोय. बायको-मुलांना घेऊन एखाद्या लांबच्या बेटावर कायमचं राहायला जावं असं वाटतं. कुणी गेलंय का? कसं असतं?'

आमचे आबा गेले होते. शहराला विटून नव्हे, विटण्याइतकं शहर त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. साताऱ्याकडचं दुष्काळी गाव, चार भावांत मिळून खडकाळ माळ, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून सुटताना हाती आलेली जेमतेम पेन्शन. १९६९ पासून सरकार माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारला नेऊन वसवत होतं. भारताचं पार दक्षिणेचं टोक, तिथून सुमात्रा दीडएकशे किलोमीटर. अशा ठिकाणी आपली माणसं असावीत, हा त्यामागचा हिशेब. आधी पंजाबी गेले, मग मराठी, तमिळ, मल्याळी, तेलुगू. १९८० पर्यंत तीनशेच्या वर कुटुंबं झाली. आम्ही १९७३ला गेलो, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

पुण्याहून रेल्वेने मद्रास, तिथून जहाजाने पोर्ट ब्लेअर, तिथे काही दिवस थांबून दुसऱ्या जहाजाने कॅम्पबेल बे, म्हणजे ग्रेट निकोबारचं बंदर. आईने सोबत जातं घेतलं होतं. पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर हमाल आबांना म्हणाला, 'साब, पत्थर तो वहाँ भी मिलेगा.' आई काही बोलली नाही, पण पुढची तीस वर्षं त्याच जात्यावर तिने तांदळाचं पीठ दळलं. ज्वारी तिथे होईना. दोनदा पेरून पाहिली, दोन्ही वेळा पावसाने कुजली. वर्षातले आठ-नऊ महिने पाऊस, मग भाकरी तांदळाचीच.

जमीन दहा एकरांच्या वर मिळाली. कागदावर. प्रत्यक्षात आभाळ न दिसणारं जंगल. रस्ता सीमा सडक संघटनेच्या लोकांनी काढला होता आणि त्याच्या कडेकडेने आमची गावं: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. ऐकून पुण्यातल्या पेठांपलीकडच्या सोसायट्या वाटतील. बोलताना मात्र लोक किलोमीटरच सांगत, 'तो अमक्या किलोमीटरवाला'. पहिली काही वर्षं रेशनवर काढली. नारळ लावला तरी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर रानडुकरं, हिवताप आणि खाडीतली मगर. आमच्या धाकट्या बहिणीला एका वर्षात चारदा हिवताप झाला. क्विनाईनच्या कडवट गोळ्या गुळात घालून द्यायची, तर गूळही जहाजानेच यायचा.

आता मुद्द्याचं सांगतो. बेटावर माणूस मोकळा असतो ही तुमची समजूत काढून टाका. तिथे माणूस जहाजाचा बांधील असतो. मीठ, रॉकेल, वह्या, पत्रं, औषध, डॉक्टरची बदली, मास्तरांची रजा, सगळं जहाजावर. समुद्र खवळला की जहाज पुढे ढकललं जायचं, मग 'जहाज कधी येणार?' हेच आमचं राम राम. जहाज लागलं की शाळा अर्ध्यावर सुटायची. माझी आजी गावाकडे वारली, ते आम्हाला बावीस दिवसांनी कळलं. तेरावंही होऊन गेलं होतं. आबांनी समुद्रावर जाऊन आंघोळ केली, घरी आले आणि कुऱ्हाड घेऊन परत रानात गेले. मला तेव्हा ते कोरडे वाटले होते.

एकटेपणाचं विचाराल तर तो फारसा नव्हता. उलट कुणालाच टाळता यायचं नाही. शेजारी सरदारजी, पलीकडे मल्याळी कुटुंब, सगळ्यांची भाषा मोडकी हिंदी. गुरुद्वाऱ्याचा लंगर आणि आमचा गणपती या दोन्हींना सगळी मुलं हजर. मूर्ती कुठून आणणार? ओढ्याची चिकणमाती, डोळ्यांना गुंजा. एका वर्षी सोंड गळून पडली, ती करतारसिंग चाचांनी काडी खुपसून बसवली.

आणि बेट 'निर्जन' नव्हतंच. किनाऱ्यावर निकोबारी, आत रानात शोंपेन. आपण जे रान तोडून 'वसवलं' म्हणतो, ते त्यांचं होतं. हे मला फार उशिरा, पुण्यात आल्यावर सुचलं. लहानपणी आम्हाला वाटायचं, आम्हीच पहिले.

दहावीनंतर मी काकांकडे पुण्यात शिकायला आलो आणि इथलाच झालो. २६ डिसेंबर २००४, रविवार. कोथरूडच्या घरी चहा घेत टीव्ही लावला, तर त्सुनामी. फोन बंद. आई-आबा जिवंत आहेत हे सहाव्या दिवशी कळलं. भूकंपात घर हललं तेव्हा आबांनी समुद्राकडे न पाहता आईचा हात धरला आणि मागची टेकडी चढले, म्हणून वाचले. नारळाची बाग वाहून गेली नाही, ती बुडाली. त्या दिवशी बेटाचं दक्षिण टोकच चार मीटरांहून जास्त खचलं. १९७२ सालचं इंदिरा पॉइंटचं दीपगृह त्यानंतर पाण्यात उभं राहिलं. जातंही पाण्याखालीच आहे. आबा कागद दाखवून म्हणायचे, 'जमीन माझ्याच नावावर हाय. फक्त मासं कसत्यात.'

मी त्यांना आणायला गेलो होतो. पत्र्याच्या निवाऱ्यात राहत होते, दुपारी आत बसवत नसे. तरी आले नाहीत. सत्तरीच्या माणसाने तिथे परत नारळाची रोपं लावली. आबा २०११ साली तिथेच गेले. त्यानंतर आईला इकडे आणली.

आता तिथे गलाथियाच्या उपसागरात मोठं बंदर, विमानतळ, नवं शहर असा सत्तर हजार कोटींच्या वरचा प्रकल्प चाललाय. बालमित्रांचे फोन येतात, काही खूश आहेत, काही घाबरलेत. तिथल्या वाळूवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, ती मी लहानपणी कंदिलाच्या उजेडात पाहिलीत. माझं मत काय असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आमच्यासारखी जमीन वाटणं केव्हाच बंद झालं. निकोबारचा बराचसा भाग आदिवासींसाठी राखीव आहे आणि तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, टाकूही नये. दुसरं एखादं बेट मनात असेल तर आधी भर पावसाळ्यात महिनाभर सहकुटुंब राहून या. आणि बायकोला विचारलंत का? आबांनी आईला विचारलं नव्हतं. परवा मी तिला म्हटलं, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, 'जातं जड हाय, एवढंच म्हणले असते.'